चिंचोक्याची खळ

आमच्या जैन घरात तंबाखू चालायची, लाकूड जोडायचा सरस चालायचा नाही. माझा थोरला भाऊ रायगोंडा यावरून आईला, आमच्या अव्वाला, छळायचा.

"अव्वा, अर्धी निपाणी आपल्या तंबाखूनं खोकतीया, त्यात हिंसा न्हाय. आनि ह्या डबीभर सरसात हाय व्हय गं?"

"तंबाखू पानाची हाय. सरस हाडाकातड्याचा. ह्या उंबऱ्याच्या आत यायचा न्हाय," अव्वा म्हणायची. संपलं. आमचे आप्पा अशा वेळी चपला घालून तंबाखूच्या वखारीकडं निघून जायचे. वखारीत त्यांचा शब्द चालायचा, घरात अव्वाचा.

रायगोंडा बेळगावात कॉलेजात शिकतोय, अशी आप्पांची समजूत होती. तो असायचा खडेबाजारात, यल्लाप्पाकाकांच्या दुकानात. काका पेट्या आणि तंबोरे दुरुस्त करायचे. लढाई संपत आली होती, त्या वर्षी कॅम्पात एका गोऱ्या शिपायाकडं त्यानं विजेवर वाजणारी गिटार पाहिली आणि त्याचं डोकं फिरलं. तसली विकत मिळायची नाही, म्हणून यानं ती करायलाच घेतली. फणसाची भरीव फळी, तिला सागाची मान, वर सतारीच्या तारा. तारांखाली लष्कराच्या भंगारातल्या टेलिफोनचा कानाला लावायचा तुकडा. त्यातलं चुंबक तारेची थरथर ओळखतं, ती थरथर वायरीतून रेडिओत जाते आणि रेडिओ गायला लागतो, असं त्यानं मला समजावलं. मला काही कळलं नाही, पण मी मान डोलावली. नाहीतर त्यानं परत पहिल्यापासून सुरुवात केली असती.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तो सगळे तुकडे घेऊन घरी आला. मान फळीला जोडायची तेवढी राहिली होती. त्यासाठी काकांकडून आणलेला सरस त्यानं परड्यात शेगडीवर ठेवला आणि घरभर असा वास सुटला की अव्वा जपाला बसलेली उठली. डबी उचलली आणि कुंपणाच्या पलीकडं भिरकावली. रायगोंडा दिवसभर बोलला नाही. तो गप्प बसला की घर खायला उठायचं.

दुसऱ्या दिवशी अव्वाच त्याच्यापुढं सूप घेऊन बसली. सुपात चिंचोके होते.

"धनगर घोंगड्याला ह्याची खळ लावत्यात," ती म्हणाली. "घोंगडं उभं ऱ्हातंय बघ, फळीगत. तुझं लाकूड धरंल न्हवं?"

रायगोंडाला हसू आलं. मग दोघांनी चिंचोके भाजले, टरफलं काढली आणि जात्यावर बसले. जातं ओढणारा पुरुष आमच्या आळीत कुणी पाहिला नव्हता. शेजारणी दारातून डोकावून गेल्या. अव्वा दळताना एक कानडी गाणं म्हणायची. तो त्यात मुद्दाम बेसूर सूर मिसळायचा आणि अव्वा हसून हसून खुंटा सोडायची. पिठाची खळ शिजवली, मान जोडली, सुंभानं करकचून बांधून ठेवली. वर जवसाचं तेल त्यानं हातानं चोळलं. खुंट्या वाकड्या होत्या आणि कडा ओबडधोबड, पण गिटार झाली.

झाली आणि मुकीच निघाली. आमच्याकडं वीज नव्हती. पोकळ भोपळ्याचा तंबोरा घुमतो, ही भरीव फळी कुठून घुमणार? तारा छेडल्या तर डास गुणगुणल्याएवढा आवाज यायचा. आमची आत्या तिला 'मुकं लाकूड' म्हणायची आणि वर विचारायची, "ह्याच्यासाठी शिकाय पाठवलं व्हय?" आत्याला सगळ्यातलं सगळं कळत असे.

पण रायगोंडानं एक युक्ती काढली. त्यानं गिटार मांडीवर उभी धरली आणि अव्वाला म्हणाला, "पाठीला कान लाव." अव्वानं फळीच्या मागच्या बाजूला डोकं टेकलं. त्यानं तिचं ते दळणाचं गाणं वाजवलं. मला समोर बसून काही ऐकू येत नव्हतं, फक्त अव्वाचा चेहरा दिसत होता.

"येतंय ऐकू?"

"येतंय," ती डोळे मिटूनच म्हणाली. "लांब कुनीतरी जात्यावर बसलंय बघ."

मग ते रोजचंच झालं. जेवणं उन्हं असताना उरकली की तो वाजवायचा आणि ती कान लावायची. तिच्या डोक्याच्या खोबरेलानं त्या जागी लाकडावर काळपट डाग पडला. आप्पा म्हणाले, पुसून टाक. रायगोंडा म्हणाला, राहू दे.

"गनपतीत बेळगावात वाजवनार हाय मी, विजेवर," तो म्हणाला. "मग तुला न्हेऊन ऐकवतो. कान लावायची गरज न्हाय. खडेबाजारभर ऐकू जाईल."

"बघू या की," अव्वा म्हणाली. तिचं 'बघू या की' म्हणजे होकारच असायचा.

गणपतीत तो मांडवात बसला. भाद्रपदातली ओली हवा. चिंचोक्याच्या खळीला ती कशी सोसणार? काकांनी नंतर सांगितलं, त्यानं तारा चढवायला सुरुवात केली आणि मान सुटून त्याच्या मांडीवर आली. लोक हसले. लोकांना काय, एक गंमत झाली. तो दोन तुकडे धोतरात गुंडाळून घरी आला. अव्वानं सुटलेल्या सांध्यावरून बोट फिरवलं, तर खळ बोटाला चिकट लागली.

"हवाच लई वली हुती," रायगोंडा म्हणाला. "तुझी खळ चांगली हुती, अव्वा."

असा होता तो. त्याच्या जागी मी असते तर वर्षभर तिला बोलून दाखवलं असतं. पण त्याच्या हाती वर्ष नव्हतंच. मार्गशीर्षात त्याला विषमज्वर झाला आणि तो गेला. त्या दिवसांबद्दल मला काही सांगायचं नाही.

अव्वा लोकांपुढं रडली नाही. फक्त भाकरी थापताना, पाणी गाळताना, मधूनच म्हणायची, "माझ्या खळीनं दगा दिला." आप्पांनी समजावलं, तापाचा आणि खळीचा काय संबंध? तिलाही ते माहीत नव्हतं असं नाही. पण पोरगा हसं होऊन घरी आला आणि तसाच गेला, हे तिच्या मनातून निघत नव्हतं. वर्ष होत आलं तेव्हा तिनं ते धोतराचं गाठोडं माझ्यापुढं ठेवलं.

"ही जोडून आन, चंदना. मला एकदा ऐकायची हाय, विजेवर. त्यानं कबूल केलतं."

मी आणि आप्पा सर्व्हिस मोटारीनं बेळगावला गेलो. यल्लाप्पाकाकांनी गाठोडं सोडलं आणि ते तुकडे मांडीवर घेतले. डोळे पुसायला त्यांच्याकडं पॉलिशचं फडकंच होतं.

"काका, सरस लावू नका," मी बजावलं. "घरात न्यायची हाय."

"ठावं हाय पोरी. जैनाचं घर मला नवीन हाय व्हय?"

जोडून झाली असा काकांचा निरोप आला तशी अव्वा निघाली. घरचं गाळलेलं पाणी तांब्यात, फडक्यात दशम्या. संकेश्वर मागं पडल्यावर ती विचारू लागली. त्याची खोली कुठं होती, तो जेवायला कुठं जायचा, दुकानात कुठल्या बाजूला बसायचा. मला माहीत होतं तेवढं मी सांगितलं.

काकांनी तिला दुकानात चटईवर बसवलं आणि गिटार पुढं ठेवली. मी बघतच राहिले. ओबडधोबड कडा गेल्या होत्या. चपड्याच्या पॉलिशनं फणसाचं लाकूड मधासारखं झळकत होतं. वाकड्या खुंट्यांच्या जागी शिसवीच्या, तारांखाली नवी पितळी पट्टी, चुंबकाभोवतीची तार नव्यानं गुंडाळलेली. काकांनी जीव ओतून काम केलं होतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

शेजारच्या दुकानदारानं आपला रेडिओ आणून ठेवला. वायर जोडली. काकांनी तार छेडली आणि रेडिओतून असा आवाज उठला की रस्त्यानं चाललेली माणसं थांबली. काका तेच वाजवत होते, दळणाचं गाणं. रायगोंडा दुकानात ते वाजवायचा म्हणे. बाहेर एक हमाल पोतं पाठीवर असूनही उभा होता. रायगोंडानं सांगितलं होतं तसंच झालं, खडेबाजारभर ऐकू गेलं.

अव्वा हात जोडून ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "लई मोठा आवाज हाय." मग हात पुढं केले. "आता वीज काढा. मला कान लावून ऐकू द्या."

काकांनी वायर काढली. अव्वानं गिटार उभी धरली, तिची पाठ आपल्याकडं वळवून घेतली आणि हातानं काहीतरी शोधू लागली. मी ओळखलं. डाग शोधत होती. तो नव्हता. तरी अंदाजानं तिनं डोकं वाकवलं आणि सांध्याशी नाक येताच ती थबकली. मीही पुढं झुकले. पॉलिशच्या वासाखाली दुसरा वास होता. परड्यात एकदा सुटला होता तो.

माझं मस्तक फिरलं. "काका, तुम्ही शब्द दिलता!"

"दिलता," काका म्हणाले. त्यांची मान खाली गेली. "खळ लावून बघितली पोरी. तारा चढवल्या की सांधा हालायचा. उद्या परत चार लोकांत मोडली असती तर? त्या पोराला एकदा हसली मानसं, तेवढं बास झालं. म्हटलं, पाप लागलं तर मला लागंल."

मी अव्वाकडं पाहिलं. आता ती गिटार खाली ठेवणार, हात धुवायला पाणी मागणार, असं मला वाटलं. अव्वानं लाकडाला कान लावला.

"वाजवा," ती म्हणाली.

काकांनी हळू वाजवलं. अव्वानं शेवटपर्यंत ऐकलं. डोकं वर केलं तेव्हा तिच्या गालाला पॉलिशचा वास लागला असणार.

"टिकंल न्हवं आता?"

"माझ्यामागं टिकंल, आक्का."

"मग बरं केलंसा. मी सरस तवाच लावू द्याला पायजे हुता."

काकांचा जीव भांड्यात पडला. माझाही. अव्वा गिटारीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"हितं डाग हुता."

"तेलाचा न्हवं?" काका उत्साहानं म्हणाले. "मुरलेला, आक्का. लई घासावं लागलं, पन काढला."

"आनि जुनी खळ?"

"खरवडून काढली सगळी. त्याबिगर सरस धरत न्हाय."

"ती कुठाय?"

काका कोपऱ्यातल्या शेगडीकडं बघू लागले. तिथं सरसाचं भांडं होतं आणि बाजूला लाकडाच्या भुशाचा ढीग. त्यांना प्रश्नाचा रोख आत्ता कळला.

"भुशासंगं जाळली, आक्का," ते म्हणाले. "सरस तापवायला."

अव्वानं मान हलवली. "आमी दोघांनी दळलेली हुती," ती म्हणाली. रागावून नाही, तक्रार म्हणूनही नाही. त्यांना माहीत नव्हतं, म्हणून सांगितलं. काका उठून दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले.

गिटार अव्वानं स्वतः घरात आणली, उंबऱ्याच्या आत, आणि माजघरात खुंटीला अडकवली. आत्यानं वास ओळखला आणि तोंड उघडलं, पण अव्वानं तिच्याकडं असं पाहिलं की आत्या घागर उचलून पाण्याला गेली. तारा कसलेल्या राहिल्या, सांधा हलला नाही. पण त्या लाकडाला अव्वानं परत कान लावला नाही. एकदा मी म्हटलं, मी छेडते, तू ऐक. ती म्हणाली, "ती आता काकांची झाली गं. चांगली हाय. असू दे."

पुढच्या उन्हाळ्यात घरोघर चिंचा फोडायला घेतल्या. अव्वानं मला चिंचोके बाजूला काढायला सांगितले. एका दुपारी ते भाजले, टरफलं काढली आणि जात्यावर बसली. मी समोर बसून खुंटा धरला. मी त्या गाण्याची वाट बघत होते, पण तिनं गाणं म्हटलं नाही. नुसती जात्याची घरघर होती. पीठ निघालं ते तिनं पातेल्यात कालवलं आणि चुलीवर ठेवलं. घरात मोडलेलं असं काहीच नव्हतं.

"अव्वा," मी विचारलं, "काय जोडायचं हाय?"

"काय न्हाय गं," ती म्हणाली. "ढवळ तू. गुठळ्या हुत्यात."