ठकीचं बाळंतपण

लेकी बाळंतपणाला माहेरी जातात. मालूच्या आईची मांजर मात्र बाळंतपणाला लेकीच्या सासरी आली, आणि तीही एसटीने, रोह्याहून जोह्याला, बांबूच्या टोपलीत बसून. नागोठण्यापर्यंत ठकीने असा कालवा केला की अख्खी गाडी मालूकडे बघत राहिली. "हिचं एकटीचं तिकीट फाडू की पोटातल्यांचं पण?" असं कंडक्टरने विचारलं, तेव्हा तर मालूला तोंड कुठे लपवावं कळेना. गडब गाव आलं तशी बाईसाहेब झोपल्या. आणीबाणीच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. आता मालूचे केस पांढरे झाले, तरी तो प्रवास आठवला की तिला हसू येतं.

आईला, सीताबाईला, दम्याने पार पोखरलं होतं. भाऊ केरू तिला औषधपाण्यासाठी मुंबईला घेऊन निघाला. मालू भेटायला गेली, तर आईचा जीव मांजरीत अडकलेला.

"माझं सोड गो, हिचं बघ. पोटुशी हाय. मी येईपर्यंत तेवढी सांभाळ."

मालूने आईच्या हातावर हात ठेवून हो म्हटलं. वडील लहानपणीच गेलेले. माहेर म्हणजे आई, ते कौलारू घर आणि चुलीशी बसलेली ठकी, एवढंच. आई बरी होऊन आली की मांजर पिलांसकट तिच्या ओटीत घालायची, हे मालूने मनाशी पक्कं केलं. त्यात काही वाकडं झालं तर आईला तोंड कसं दाखवायचं?

सासर म्हणजे गणपतीचा कारखाना, आणि श्रावणात तिथे पाय ठेवायला जागा नसते. सासू नव्हती. नवरा कमळाकर मूर्ती रंगवायचा, आणि मामंजी, म्हणजे सासरे हैबतराव, आखणी करायचे. मूर्तीचे डोळे लिहिणं, हेच त्यांचं काम. त्यांचा एक नेम होता: एक डोळा लिहिला की दुसरा पुरा झाल्याशिवाय बैठकीवरून उठायचं नाही. देवाला अर्धवट जागा करून ठेवू नये म्हणत. एकदा ओटीवर पाहुणे येऊन, वाट बघून, परत गेले, पण हा माणूस काही उठला नाही.

"कारखान्यात मांजर नको," त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं. "ओल्या रंगाला केस चिकटतील."

मालूने स्वयंपाकघरात जुनं लुगडं घालून खोकं मांडलं. ठकीने ते हुंगलं, शेपटी उडवली आणि थेट मामंजींच्या खिडकीखाली, मूर्ती बांधायला आणलेल्या पेंढ्यात जाऊन बसली. सगळ्या घरात उजेडाची आणि उबेची जागा तीच. हैबतराव दिवसभर धुसफुसले. दुसऱ्या दिवशी मालूने पाहिलं, तर त्यांनी स्वतःचा पाट हातभर सरकवून घेतला होता. तिने ठकीची वाटी गुपचूप तिथेच आणून ठेवली. म्हाताऱ्याचं प्रेम बोलून दाखवलं की ते बिथरायचे, हे तिला एव्हाना कळलं होतं.

पण ठकी वाळत चालली. घरात श्रावण कडक, सुकटीचा वाससुद्धा चालायचा नाही. मांजरीच्या वाटीत रोज दूधभात. त्याने तिचं पोट बिघडलं. पोट तेवढं मोठं आणि पाठीची हाडं वर आलेली.

त्यातच तो दिवस आला. मालू दुपारी चहा घेऊन गेली, तर ठकी पेंढ्यात मान टाकून पडलेली. तोंडातून लाळ, अंगाला घासलेटचा वास.

"हिला घासलेट कुणी लावलं?" मालू ओरडलीच.

हैबतरावांचा कुंचला थांबला. समोरच्या मूर्तीचा एक डोळा लिहून झाला होता.

"मी," ते म्हणाले. "सिंहासनाच्या ओल्या ऑइलपेंटला घासून आली. सगळं अंग लाल. आमी हात घासलेटनंच पुसतो, तसं पुसलं. ती चाटंल हे नाय आलं गो ध्यानात."

जन्मभर ज्याने हात धुतले त्याचं विष होईल, हे त्यांना कसं सुचावं? मालूला रागही येईना आणि रडूही आवरेना. "मामंजी, माझ्या आईची हाय ती," एवढंच तिच्या तोंडून निघालं.

हैबतरावांनी कुंचला खाली ठेवला आणि ते उठले. कमळाकर आ वासून बघत राहिला. एका डोळ्याचा देव मागे ठेवून मामंजी टोपली उचलून रस्त्याला लागले, मालू त्यांच्या मागे.

पेणच्या गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ठकीची छाती ऐकली, पोट चाचपलं. साबण आणि कोमट पाण्याने सगळा वास जाईपर्यंत धुतलं, चटकन कोरडं केलं. "ओकवायला जाऊ नका, जबरदस्तीने काही पाजू नका. उबेत ठेवा. धाप लागली तर लगेच आणा. पिलं जिवंत आहेत. आणि हिला खायला काय देता?"

"दूधभात. श्रावण हाय ना," हैबतराव म्हणाले.

"श्रावण तुम्ही पाळा की. हिने काय नवस केलाय? मासे द्या हिला."

परतीच्या गाडीत मालूच्या मांडीवर ठकी होती, हैबतरावांच्या धोतराच्या फाडलेल्या पदरात गुंडाळलेली. आणि ज्या माणसाने श्रावणात कधी मासळीबाजाराकडे मान वळवली नव्हती, त्याच्या मांडीवर सुक्या बोंबलांचा पुडा होता. गाडीतले लोक नाक मुरडत होते. मामंजी खिडकीबाहेर बघत होते.

ठकी वाचली. नारळी पौर्णिमा झाली आणि तिने त्याच पेंढ्यात पिलं घातली. मिटल्या डोळ्यांचे ते गोळे हैबतराव किती वेळ न्याहाळत बसले. "यांची आखणी आपल्या हातात नाय," म्हणाले, आणि हसले.

आई मात्र आली नाही. गणपती गेले आणि मुंबईहून केरूची तार आली. मांजर कुणाच्या ओटीत घालायची, तो प्रश्नच मिटला. केरूने रोह्याच्या घराला कुलूप लावलं. पुढच्या पावसाळ्यात मालूला सातवा लागला, तेव्हा बायका विचारायच्या, "बाळंतपणाला कुठं जाणार गो?" मालू कामाचं निमित्त काढून आत जायची आणि भांडी घासता घासता रडायची.

एका सकाळी ती कारखान्यात आली, तर खिडकीखाली मामंजींचा पाट नव्हता. जमीन सारवलेली, बाज टाकलेली, आडोशाला जुनी साडी बांधलेली. ऐन हंगामात हैबतराव ओटीवर अपुऱ्या उजेडात डोळे बारीक करून आखणीला बसले होते.

"मामंजी, हे काय?"

"धोंडुबाई सुईणीला सांगून ठेवलंय," त्यांनी मान वर केली नाही. "ठकीला जागा मानवली. तुला नाय मानवायची?"

मालूची लेक त्याच खिडकीखाली जन्मली. आजही कुणी माहेर कुठलं म्हणून विचारलं, तर मालू रोहा म्हणायला तोंड उघडते आणि जोहे म्हणून जाते.