दिवसाला सहा गोळ्या

पावणेपाच वाजता फारुकभाईंनी कपाटाची किल्ली सलोनीच्या टेबलावर ठेवली आणि आज लवकर निघतो म्हणून सांगितलं. रमझानचा अकरावा रोजा होता. रत्नागिरीतल्या या धर्मादाय दवाखान्यात ते वीस वर्षं केसपेपर काढत होते. सलोनी इथे फार्मासिस्ट म्हणून लागली त्याला दोनच वर्षं झाली होती. त्यांना मधुमेह आहे हे तिला ठाऊक होतं. रोज्यात साखरेच्या गोळ्यांचं काय करता, असं तिने सहज विचारलं.

"दोन्ही वेळच्या एकदम घेतो, रोजा सोडताना," ते म्हणाले. "दिवसाचा आकडा तोच."

हे बरोबर नाही, उद्या यावर बोलू, असं ती म्हणाली. ते हसून गेले. सलोनीने नोंदवही मिटली. मग काहीतरी आठवून पुन्हा उघडली.

दुपारी बाराची नोंद तिच्याच अक्षरात होती. सकिना, वय एकसष्ट, जठराचा कॅन्सर. मुंबईच्या डॉक्टरांनी आता करण्यासारखं काही नाही म्हणून घरी पाठवलेली. मॉर्फीन दहा मिलिग्रॅम, दर चार तासांनी एक गोळी. सुनेचा, महरीनचा, फोन आला होता. सलोनीने यादीतले सगळे प्रश्न विचारले होते. दिवसाला किती गोळ्या घेतात? सहा. दुखणं? दुपारी सहन होत नाही. उलट्या? नाहीत. झोप? रात्री गाढ, हाक मारली तरी लवकर उठत नाहीत.

गाढ झोप हे तिने चांगलं लक्षण म्हणून लिहिलं होतं.

मग तिने डॉक्टरांना फोन केला होता. ते महिन्यातून एकदा कोल्हापूरहून येत, एरवी फोनवर असत. त्यांनी तिची माहिती ऐकली आणि एकाऐवजी दोन गोळ्या करायला सांगितलं. सलोनीने महरीनला कळवलं: आज संध्याकाळपासून प्रत्येक वेळी दुप्पट. तिच्याकडून ते परत म्हणवूनही घेतलं होतं. महरीनने एकही शब्द न चुकवता म्हणून दाखवलं होतं.

सगळं नियमाप्रमाणे झालं होतं. फक्त सकिना रोजे धरते का, हे कोणी विचारलं नव्हतं.

आणि धरत असेल तर? दिवसभर औषध नाही, म्हणून दुपारी दुखतं. संध्याकाळी तीन गोळ्या एकदम, म्हणून रात्री हाक ऐकू येत नाही. पहाटे सहेरीला, रोजा सुरू व्हायच्या आधी, पुन्हा तीन. आकडा सहाच. आणि आज प्रत्येक वेळी दुप्पट म्हणजे मगरीबला, रोजा सोडताना, सहा गोळ्या, साठ मिलिग्रॅम. पहाटेपासून पाण्याचा थेंब न घेतलेल्या, बेचाळीस किलोच्या बाईला. अशा शरीरातून हे औषध बाहेर पडायलाही वेळ लागतो, आणि जास्त झालं की ते श्वासच मंदावतं.

तिने फोन लावला. एंगेज. पुन्हा लावला. एंगेज.

"नबील असेल," मागून बकुळा सिस्टर म्हणाली. घरी जाऊन रुग्णांना बघण्याचं काम तिचं. सकिनाकडेही तीच जाई. "मुलगा कुवेतहून रोजा सोडायच्या आधी फोन करतो. बोलायला लागला की तासभर सोडत नाही. काय झालं?"

सलोनीने सांगितलं. बकुळा खुर्चीवर बसली आणि लगेच उठली. रमझान लागायच्या आधी आपणच तिला दम दिला होता, असं ती म्हणाली. रोजे-बिजे धरायचे नाहीत हां चाची, तुमच्याकडेही आजारी माणसाला सूट असते. सकिना नुसती हसली होती.

"मला कळायला पाहिजे होतं," बकुळा म्हणाली. "ती बाई हसते तेव्हा ऐकत नाही."

नॅलॉक्झोन, मॉर्फीनचा अंमल उतरवणारं इंजेक्शन, दवाखान्यात एकच होतं. बकुळाने ते बॅगेत टाकलं. सलोनीने आणखी एकदा फोन लावून पाहिला आणि स्कूटर काढली. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. सूर्यास्त सहाच्या थोडा पुढे.

शहराबाहेर पडेपर्यंतच वीस मिनिटं गेली. बंदराकडून बर्फाचे ट्रक येत होते. पुढे आरे-वारेची वाट, चढ आणि वळणं. डाव्या हाताला समुद्र लाल व्हायला लागला होता, आणि सलोनी घड्याळाकडे बघावं तशी त्याच्याकडे बघत होती. एका चढावर स्कूटर बंद पडली. बकुळा उतरून चालायला लागली.

"माझं वजन कमी झालं की चढेल ती," ती न थांबता म्हणाली. "तू मारत राहा किक."

सातव्या किकला ती चालू झाली.

खाडीकाठच्या मोहल्ल्यात त्या शिरल्या तेव्हा अजान संपत आली होती. रस्त्यावर कोणी नव्हतं. सकिनाच्या पडवीत फोनचा रिसीव्हर नीट ठेवलेला होता. आत चटईवर खजूर, कापलेलं कलिंगड, पाण्याचा तांब्या. भिंतीला टेकून सकिना बसली होती. तिच्या हातात बशी होती आणि महरीन तिला पाण्याचा पेला देत होती.

"चाची, थांबा," सलोनी म्हणाली.

बशीत तीन गोळ्या उरल्या होत्या.

"किती घेतल्या?"

"तीन," महरीन घाबरून म्हणाली. "सहा घ्यायच्या ना? घशाखाली जात नाहीत पटापट, म्हणून एकेक देत होते."

सलोनीने बशी काढून घेतली. ती तिने खिडकीत ठेवली. तीन म्हणजे रोजच्याएवढ्याच. पण रोजच्याएवढ्या हेही काही सुरक्षित नव्हतं. बकुळाने चपला काढल्या, सकिनाशेजारी बसकण मारली आणि तिच्या छातीकडे बघत घड्याळ धरलं.

मिनिटाला चौदा श्वास. पाऊण तासाने अकरा. सकिनाचे डोळे मिटायला लागले होते. बकुळा तिला मधूनमधून बोलतं ठेवत होती, कालवणाचं, सुनेच्या हातच्या भाकरीचं. सात वाजून दहा मिनिटांनी दहा. बकुळाने बॅगेची चेन उघडून ठेवली. महरीन दारात उभी होती. तिचाही रोजा होता आणि तिने अजून पाणीही घेतलं नव्हतं.

सव्वासातला पुन्हा दहा. साडेसातला अकरा.

पावणेआठला सकिनाने आपणहून डोळे उघडले.

"मी खोटं बोलले नाही," ती हळू म्हणाली. "किती घेता म्हणून विचारलंत, मी महरीनला सहा सांगायला लावलं. कधी घेता, ते कोणी विचारलं नाही."

"नाही विचारलं," सलोनी म्हणाली. "माझी चूक झाली."

"ही रोजे सोडायला लावेल म्हणून गप्प राहिले." तिने हनुवटीने बकुळाकडे दाखवलं. "पुढच्या रमझानला मी काय असणार आहे?"

बकुळा श्वास मोजत होती.

सलोनीने पडवीतून डॉक्टरांना फोन केला आणि झालेलं सगळं सांगितलं, स्वतःची चूक सगळ्यांत आधी. दुप्पट रद्द झालं. बारा तास पुरणारी गोळी मुंबईहून मागवायचं ठरलं; ती यायला चार दिवस तरी लागणार होते. तोवर एका वेळी एकच. मग तिने वहीतलं पान फाडलं आणि घड्याळाच्या वेळांऐवजी सकिनाच्या वेळा लिहिल्या. मगरीब, एक. झोपायच्या आधी, एक. मध्यरात्रीनंतर, एक. सहेरी, एक. आजची रात्र मात्र सहेरीपर्यंत काहीच नाही. त्याखाली दोन ओळी कोऱ्या राहिल्या.

सकिनाने त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "हे काय?"

"दुपार," सलोनी म्हणाली. "तिथे तुम्ही ठरवायचं. रोजा ठेवलात तर दुखेल. सोडलात तर एक गोळी."

सकिनाने कागद आपल्याकडे ओढून घेतला.

"उद्या दुपारी जोहरच्या नमाजापर्यंत बघते. फारच झालं तर फोन करायला लावीन. तुला," ती म्हणाली. "हिला नाही."

"मीच उचलणार फोन," बकुळा म्हणाली. "गप्प बस आता, मोजू दे."

महरीनने शेवटी पाण्याचा पेला तोंडाला लावला. सलोनीने तीन गोळ्या पाकिटात घालून त्यावर तारीख आणि वेळ लिहिली.

"बारा," बकुळा म्हणाली, आणि पुढचं मिनिट मोजायला घेतलं.