गढूळ पाझर

मी मातीचा बांध बोलतोय. अहो, शेताचा नव्हे, धरणाचा! रोह्याच्या डोंगरात दोन टेकड्यांच्या मधे पन्नास वर्षं पाणी अडवून उभा आहे.

माझ्या पोटात काळी चिकणमाती, वर मुरूम, पाण्याच्या अंगाला दगड. मातीचा थर टाकायचा, पाणी शिंपडायचं, रोलर फिरवायचा, असा मी उंच झालो. पाट्या वाहणाऱ्यांत कातकरीवाडीची आवडी होती. तोंडाने फटकळ, पण पाटी कधी अर्धी भरली नाही तिने.

माझ्या पायाच्या जागेत एक जुनं ऐनाचं झाड आलं, वाघोबा देवाचं. गावचे पुढारी हैबतराव. त्यांनी नारळ फोडून देव बाजूला बसवला, झाड तोडलं. पण मूळ खणायला कोणी कुदळ उचलेना. "देवाचं मूळ हाय, ऱ्हाऊ द्या," हैबतराव म्हणाले. पावसाळा तोंडावर आलेला. धरण बांधणाऱ्या इंजिनिअर साहेबांनीही मान डोलावली.

"सायेब, मूळ कुजंल, मंग भोक पडंल," आवडी म्हणाली. सगळे हसले. मलाही ती आगाऊच वाटली, खोटं कशाला बोलू?

वीस-बावीस वर्षं काही झालं नाही. मग एका श्रावणात तलाव काठोकाठ भरला होता आणि आवडी माझ्या पायथ्याशी खेकडे धरत होती. तिथे पाणी पाझरताना दिसलं. तिने ते ओंजळीत घेतलं, पाहिलं आणि टोपली टाकून धावत सुटली.

हैबतरावांचं घर खालच्या गावात पहिलंच. ते हसून म्हणाले, "काय गो आवडे! मातीचा बांध, पाझरायचाच की."

"नितळ पाझरंल तर पाझरू दे, दादा. ह्यो गढूळ हाय. बांध आतून वाहून चाललाय!"

हैबतराव कुरकुरत आले. तांब्यात ते पाणी धरून ठेवलं. थोड्या वेळाने तळाशी काळी माती बसली. माझीच ती! त्यांचा चेहरा पडला. मी तर पार घाबरलो होतो. खाली अख्खं गाव, घराघरात चुली पेटलेल्या.

निरोप गेला, धरणावरचे नवे साहेब आले आणि माझा दरवाजा उघडून तलावाचं पाणी उतरवायला घेतलं. काहीजण भोक बुजवायला धावले, तेव्हा साहेब ओरडले, "बुजवू नका! पाणी येऊ दे, माती तेवढी अडवा." गाव आणि वाडी एका रांगेत उभी राहिली, वाळू-खडीच्या पाट्या हातोहात आल्या, पाझरावर गाळणीसारखा थर बसला. संध्याकाळी पाझर नितळ झाला, तेव्हा आवडी टाकलेली टोपली शोधायला गेली.

उन्हाळ्यात खणलं, तर मुळाच्या जागी हात जाईल एवढी पोकळी. "चुकलो गो," हैबतराव सगळ्यांदेखत म्हणाले. "तुझ्या वाडीत नळ आणून देतो."

पुढे हैबतराव वारले. गावाच्या भाताला आणि वालाला माझं पाणी मिळतं. वाडी मात्र टेकडीवर, तिथे अजून नळ नाही. आवडी आता म्हातारी झालीय. हंडा भरून माझ्या उतारावरून चढते, मधेच दम खात बसते. वाईट वाटतं हो. तिला हात द्यावा तर मला हात नाहीत. तुम्हाला आहेत ना?