सव्वीस नंबरची खेप

हिरवा झेंडा पडला आणि वेंडेलने टीव्हीकडे न पाहता फोनकडे पाहिलं.

झेंडा पडेपर्यंत दुसऱ्याचा संघ दिसत नसे. लीगचा तो नियमच होता. बारा घरांतल्या बारा माणसांनी आपापले चार ड्रायव्हर निवडायचे, शर्यत सुरू होताच यादीला कुलूप लागायचं आणि मगच बाराही याद्या उघड व्हायच्या. ज्याचा ड्रायव्हर जितका पुढे येईल, तितके त्याचे गुण. गाड्या खऱ्या होत्या, धूर खरा होता, भिंतीला घासून उडणाऱ्या ठिणग्याही खऱ्या होत्या; मालकी तेवढी कल्पनेतली. फेब्रुवारीपासून नोव्हेंबरपर्यंत छत्तीस रविवार हा कारभार चाले. एका ड्रायव्हरला अख्ख्या मोसमात नऊच खेपा उतरवता येई, त्यामुळे चांगला ड्रायव्हर साखरेसारखा जपून वापरावा लागे. आणि एखाद्याने यादी बदललीच नाही, तर मागच्या आठवड्याचीच पुढे चालू राही.

वेंडेलने भावाची, लॉयची ओळ शोधली. चार नावं वाचली. पुन्हा वाचली. सव्वीस नंबरची गाडी त्यात नव्हती.

"नाही घेतला," तो म्हणाला.

त्याची बायको नॅडीन टोमॅटोच्या चकत्या पावावर मांडत होती. "काय नाही घेतलं?"

"लॉयने. सव्वीस."

मेयोनेजच्या बरणीचं झाकण तिने जरा जास्तच घट्ट लावलं.

सहा वर्षं दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नव्हते. त्यांचा बाप हॉयल सेट्झर शनिवारी हिकरीच्या ट्रॅकवर सव्वीस नंबरची गाडी पळवायचा. आयुष्यात एकदाही जिंकला नाही. पण गाडी ओढून आणावी लागली असंही कधी झालं नाही. "स्वतःच्या चाकांवर घरी यायचं," एवढंच त्याचं शर्यतीचं तत्त्वज्ञान. तो गेल्यावर गाडीचा सांगाडा वेंडेलच्या शेडमध्ये पडून होता. गंज चढला, सीटमध्ये उंदरांनी घरं केली. लॉय चार दिवस चर्चच्या शिबिराला गेला असताना वेंडेलने भंगारवाल्याला बोलावलं आणि सांगाडा उचलायला लावला. नॅडीनला हरणाचं मांस आणि शेंगा ठेवायला मोठा फ्रीझर हवा होता, आणि तो ठेवायला दुसरी जागा नव्हती. लॉय परतला, शेडच्या दारात उभा राहिला, फरशीवरचा तेलाचा डाग पाहिला आणि एक शब्दही न बोलता निघून गेला. तो शब्द अजून आला नव्हता.

पण लीग दोघांनीही सोडली नाही. आणि दरवर्षी सप्टेंबरच्या तोंडावर, लेबर डेच्या सुट्टीच्या रविवारी, डार्लिंग्टनच्या शर्यतीला, दोघांच्याही यादीत सव्वीस नंबर असे. बापाची सगळ्यांत आवडती शर्यत ती. त्या वर्षी सव्वीस कोण चालवतो, तो शेवटून किती वर आहे, याला महत्त्व नव्हतं. ही त्यांनी ठरवलेली गोष्ट नव्हती. ठरवायला बोलावं लागतं. पहिल्या अबोल वर्षी दोघांच्या ओळींत ते एकच नाव निघालं आणि नंतर निघतच राहिलं. एकाच भिंतीच्या दोन बाजूंनी दोघांनी तळहात टेकावेत, तसं काहीसं ते होतं.

या वर्षी एका बाजूचा हात भिंतीवर नव्हता.

वेंडेल उठला, व्हरांड्यात गेला, परत आला. उभ्यानेच सँडविच खाल्लं. नॅडीन म्हणाली की बस जरा, खुर्चीला काटे नाहीत. तो बसला आणि त्याचा गुडघा हलू लागला. अडतीस वर्षं तो कारखान्यात सोफ्यांचं कापड बेतत होता. पट्ट्यापट्ट्यांचं कापड पाठीवरून बैठकीवर उतरताना रेघ तुटता कामा नये, हे त्याचं काम. तुटलेली रेघ त्याला दुरून दिसे, आणि ती दिसली की त्याची बोटं स्वस्थ बसत नसत.

"म्हणजे आता हेही संपवलं त्याने," तो म्हणाला.

"तुला फोन करता येतो की," नॅडीन म्हणाली. "बोटं आहेत तुला."

"त्यालाही आहेत."

तो आठवडा त्याने रागात काढला. कात्री चालवताना मनात लॉयला वाक्यं ऐकवली, उत्तरंही स्वतःच दिली, आणि त्या भांडणांतही तो हरत राहिला. पुढच्या रविवारी झेंडा पडताच त्याने पुन्हा तीच ओळ उघडली. तीच चार नावं. त्यांत टोबी क्रेनशॉही होता, आणि क्रेनशॉचं मनगट बुधवारीच मोडलं होतं. रेडिओवर दिवसभर हीच बातमी होती. बाकी अकरा जणांनी त्याला वगळलं होतं. लॉयच्या ओळीत त्याच्यापुढे शून्य पडलं.

वेंडेलला हसू आलं. म्हातारा झाला, त्याला वाटलं. आता बातम्याही ऐकत नाही. त्या दिवशी वेंडेलचे तीन ड्रायव्हर पहिल्या दहांत आले आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा तो लीगमध्ये सगळ्यांत वर गेला. बक्षीस म्हणजे ओपलच्या बी-बियाणांच्या दुकानात टांगलेला एक जुना कार्ब्युरेटर. जिंकणाऱ्याने तो वर्षभर घरी न्यायचा. त्या लोखंडी तुकड्यासाठी माणसं इथे चर्चमध्येसुद्धा एकमेकांना टोमणे मारत.

तिसऱ्या रविवारी पुन्हा तीच चार नावं. पुन्हा क्रेनशॉ. पुन्हा शून्य.

हसू आलं नाही.

सोमवारी सकाळी निळ्या-करड्या पट्ट्यांचं कापड त्याच्यासमोर पसरलं होतं. त्याने खडू टेकवला आणि तसाच थांबला. डार्लिंग्टनच्या दिवशी त्याने लॉयच्या ओळीत फक्त सव्वीस शोधला होता. उरलेली नावं वाचली होती, पाहिली नव्हती. ती चार नावं त्याच्याही आधीच्या रविवारची होती. लॉयने सव्वीस नाकारला नव्हता. लॉयचा हात यादीपर्यंत पोचलाच नव्हता. ओळ आपोआप पुढे सरकत होती, ड्रायव्हरवाचून उतारावर सुटलेल्या गाडीसारखी.

जेवणाच्या सुट्टीत त्याने ओपलला फोन लावला. लीगचा हिशेब तीच ठेवायची.

"लॉय दुकानात आला होता का?"

मांजरांचं खाणं न्यायला तो दर शनिवारी यायचा, ती म्हणाली, पण हल्ली आला नव्हता. तिला वाटलं, मोसम वाईट चाललाय म्हणून तोंड लपवून बसलाय. "मी म्हटलं, सेट्झरच ते. रुसायला त्यांना कारण कुठे लागतं?" मग तिचा आवाज उतरला. "वेंडेल, तुला ठाऊक नाही? तू भाऊ ना त्याचा?"

खडूचा तुकडा त्याच्या खिशातच राहिला. तो थेट लॉयच्या घरी गेला. दार बंद होतं, पायरीवर तीन मांजरं होती. शेजारच्या मिसेस हफमन कुंपणाशी आल्या. लेबर डेच्या आधीच्या मंगळवारी त्यांना लॉय अंगणात पडलेला सापडला होता. अर्धांगाचा झटका. टेक्ससहून मुलगी आली, बापाला शुश्रूषागृहात ठेवलं, आठवडाभर थांबली आणि नोकरीवर परत गेली. काकाला कळवायचं का, असं त्यांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली होती की बाबांना ते आवडलं असतं की नाही, तिला माहीत नाही. मिसेस हफमननी हे अगदी सरळ सांगितलं. मांजरांना त्याच खायला घालत होत्या.

म्हणजे त्या रविवारी आपण टोमॅटो सँडविच खात रागावलो, तेव्हा तो पाच दिवसांपासून अंथरुणाला खिळून होता. गाडीत बसल्यावर वेंडेलला किल्ली लावायला वेळ लागला.

शुश्रूषागृहाच्या खोलीत उन्हाचा एक चौकोन पलंगाच्या पायथ्याशी पडला होता. लॉयचं तोंड एका बाजूला कललं होतं, उजवा हात उशीवर कुणीतरी ठेवून विसरल्यासारखा. डोळे मात्र तेच, बापाचे. ते वेंडेलवर आले आणि तिथेच राहिले. नर्सने सांगितलं होतं, कळतं सगळं, पण शब्द येत नाहीत.

वेंडेल बसला, उठला, खिडकीचा पडदा विनाकारण सारखा केला. मग पुन्हा बसला आणि ज्याबद्दल बोलता येत होतं त्याबद्दल बोलला. क्रेनशॉचं मनगट मोडलंय. दोनदा शून्य पडलं तुला. बारा जणांत बारावा आहेस. ओपल म्हणते, रुसून बसलायस.

लॉयच्या तोंडाची चांगली बाजू किंचित हलली.

मग बोलण्यासारखं काही उरलं नाही, आणि जे सहा वर्षं उरलं होतं ते तेवढं राहिलं.

"ती गाडी," वेंडेल पलंगाच्या दांडीकडे पाहत म्हणाला. "तुला विचारायला हवं होतं मी. फ्रीझर व्हरांड्यातही मावला असता."

लॉयने डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच ठेवले. वेंडेलला वाटलं, झोपला. किंवा दार लावून घेतलं. तो टोपी उचलू लागला, तेव्हा चादरीवरून लॉयचा डावा हात वर आला. दोन बोटं. मूठ. मग पाची बोटं, आणि मग एक.

"सव्वीस?"

डोळे उघडे होते.

"डार्लिंग्टन होऊन गेलं, लॉय. आता कशाला? तो पोरगा तिसाव्याच्या वर येत नाही."

हात पुन्हा वर आला. दोन. पाच. एक. या वेळी जरा चिडून, लहानपणी वेंडेलने स्पार्क प्लगचा पाना चुकीचा दिला की यायचा तसा.

त्या दिवसापासून दर गुरुवारी कारखाना सुटला की वेंडेल तिथे जाई. लॉयच्या फोनच्या कुलपाचा आकडा त्याने विचारला नाही. बापाच्या जन्माचं वर्ष टाकलं आणि तो उघडला. तो ड्रायव्हरांचे नंबर वाचून दाखवी आणि लॉय बोटांनी होय-नाही करी. वेंडेल दोन्ही संघ इमानाने चालवत होता. एकाचं गुपित दुसऱ्याला सांगत नव्हता, असं तो नॅडीनला गंभीरपणे म्हणे. दोन घरांचा एकच चोर झालायस, ती म्हणे. लॉयचे तीन ड्रायव्हर दर आठवड्याला बदलत. चौथ्यासाठी बोटं न विचारताच वर येत. सव्वीस अठ्ठाविसावा आला, एकतिसावा आला, एकदा इंजिन जळून परत गेला, एकदा चक्क पंधरावा आला आणि त्या गुरुवारी लॉयने वेंडेलला दाढी करू दिली. माफी मिळाली का, हे वेंडेलला कधी कळलं नाही. विचारण्याइतका तो मूर्ख नव्हता.

नोव्हेंबरमधल्या शेवटच्या शर्यतीच्या आधीच्या सोमवारी लॉयला दुसरा झटका आला. दुपारपर्यंत तो गेला. गुरुवारी, नेहमीच्याच वेळी, त्याला बापाशेजारी पुरलं. मुलगी वेंडेलच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली आणि वेंडेलला हात कुठे ठेवावेत ते कळेना.

शुक्रवारी ओपलचा फोन आला. आधी तिने खीर पाठवते म्हणून सांगितलं, मग घसा साफ केला. लॉयचा संघ बंद करू का, तिने विचारलं. ओळ काढून टाकणं तिच्या हातात होतं.

"राहू दे," वेंडेल म्हणाला. "यादी बदलली नाही तर पुढे चालू राहते ना?"

"राहते."

"मग चालू राहू दे."

"बरं. आणि ऐक, तू आठ गुणांनी पुढे आहेस. तुझ्या चांगल्या ड्रायव्हरांच्या खेपा शिल्लक आहेत. या आठवड्यात काही वेडेपणा करू नकोस. कार्ब्युरेटर मी पुसून ठेवलाय."

त्याने वेडेपणा केला. आपली यादी त्याने तीनदा भरली, तीनदा पुसली. रात्रीपर्यंत कशाला, दुपारीच ठरलं होतं ते, पण बोटांना रविवार सकाळपर्यंत वेळ लागला. मग त्याने पहिल्या पाचांत हमखास येणाऱ्या ड्रायव्हरचं नाव काढलं आणि तिथे सव्वीस लिहिला.

शर्यत वाळवंटातल्या उन्हात होती. घरात शेंगा शिजल्याचा वास होता. वेंडेल खुर्चीत बसला आणि साडेतीन तास उठला नाही. नॅडीनने दोनदा दारातून पाहिलं. पडद्यावर सव्वीस क्वचितच दिसला, पुढच्यांना वाट देताना, कडेला, निळा आणि धुरकट. शेवटची फेरी आली. कॅमेरा जिंकणाऱ्याबरोबर गेला, त्याच्या चाकांच्या पांढऱ्या धुरात अडकला आणि तिथेच राहिला. बाकीच्या गाड्या चौकटीबाहेर कुठेतरी एकेक करून घरी येत असणार.

वेंडेलने आवाज बंद केला आणि फोन उघडला. निकाल हळूहळू भरत गेले. सव्वीस: चोविसावा. चार फेऱ्या मागे. शर्यत पूर्ण. त्याची स्वतःची ओळ तीन गुणांनी दुसऱ्या जागी उतरली होती. तळाशी लॉयची ओळ होती, शेवटच्या भेटीच्या गुरुवारी बोटांनी सांगितलेली, जशीच्या तशी. सव्वीसपुढे बारीक अक्षरांत आकडा होता: खेपा आठ, शिल्लक एक.

"जिंकलास का?" नॅडीनने आतून विचारलं.

"पोचली," तो म्हणाला.

"कोण?"

तिने उद्यासाठी फ्रीझरमधून मांस काढून ठेवायला सांगितलं होतं, म्हणून तो शेडमध्ये गेला. दिवा लावला. फ्रीझर एकसुरात घुमत होता. त्याच्या एका बाजूने फरशीवरचा तेलाचा डाग बाहेर आला होता, सहा वर्षं घासूनही न गेलेला. वेंडेलने झाकण उघडलं, पुडकं काढलं, झाकण लावलं. मग डागावर पाय पडू नये म्हणून, इतक्या वर्षांत कधी गेला नव्हता तसा, वळसा घालून दाराकडे गेला.