वजीर मार खाईल अशा घरात

बाबांनी माऊसनं उंट ओढत ओढत कोपऱ्यापर्यंत नेला आणि पडद्यावरचा काळा वजीर गट्ट केला.

"हरलं बघ तुझं यंत्र! सलग नववा डाव," ते म्हणाले. "भाषेला नाव सापाचं आणि चाल गोगलगायीची."

"पायथन आहे ती, बाबा. नवशिक्यांची भाषा. आणि मीही नवशिकीच की."

एवढं बोलून मुलगी चष्म्याच्या दुकानात कामाला पळाली. जिन्यात पोचल्यावर मात्र ती गालातल्या गालात हसली. यंत्र अगदी सांगितल्यासारखं हरत होतं.

बाबांची चौतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेली. तिथं त्यांना सगळे 'अनुस्वार' म्हणायचे, कारण एक टिंब गळालेलं त्यांच्या नजरेतून सुटेल तर शपथ. गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला. हातपाय सावरले, पण वाचनालयात भर डावात त्यांनी घोडा उचलला आणि तो कसा चालतो तेच आठवेना. भोवती चौघे बघत होते. एकानं हळूच पाठीवर थोपटलं. त्या थोपटण्यानंच घात केला. घरी येऊन त्यांनी पट कपाटावर टाकला तो टाकलाच. माणसं कीव करतात, म्हणायचे. लेकीशीसुद्धा खेळायला तयार नाहीत!

मग बाईसाहेब हट्टाला पेटल्या. दीड महिना वहीत खरडत, डोकं खाजवत ती भाषा शिकली. खेळाचे नियम सांभाळणारा भाग आयता मिळाला. मोहऱ्यांची किंमत धरायची आणि दोन चाली पुढचं बघायचं, एवढं तिनं स्वतः लिहिलं. तेवढ्यानंही बाबा दोनदा हरले आणि संगणक बंद करून भिंतीकडे तोंड करून झोपले. तेव्हा तिनं आणखी चार ओळी घातल्या. त्या त्यांना कळल्या असत्या तर संपलंच होतं. यंत्रसुद्धा कीव करतं म्हटल्यावर त्यांनी पुन्हा कशाला हात लावला असता?

संध्याकाळी ती परतली, तेव्हा टेबलावर सहा छापील कागद होते आणि त्यांवर लाल पेन्सिल आडवी ठेवलेली होती. तिचाच प्रोग्राम.

"पडद्यावर वाचवत नाही मला. कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणला," बाबा म्हणाले.

"तुम्हाला... वाचता आला?"

"नवशिक्यांची भाषा म्हणालीस ना? मग!"

तिनं कागद पुढं ओढले. स्वतःला समजावं म्हणून तिनं जागोजागी मराठीत टिपा लिहून ठेवल्या होत्या. त्यांत अकरा ठिकाणी ऱ्हस्वदीर्घ सुधारलेलं होतं. चौथ्या पानावर एका टिपेशेजारी मात्र नुसतं लाल प्रश्नचिन्ह होतं. छापखान्यातली त्यांची ही जुनी रीत. लेखकाचं शुद्धलेखन सुधारायचं, पण म्हणण्याला हात लावायचा नाही. शंका आली तर समासात प्रश्नचिन्ह टाकून विचारायचं.

टीप अशी होती: 'यंत्राची बाजू जड झाली, की वजीर मार खाईल अशा घरात न्यायचा. बाबा जिंकले पाहिजेत.'

"बाबा, मी ते..."

"ते राहू दे. हे असं हरायचं कुठं शिकलीस?"

"कुठं म्हणजे? माणसं अशीच हरतात ना? मी दुसरीत होते तेव्हा तुम्ही अस्सेच हरायचात. डाव छान रंगात आला, की तुमचा वजीर भलत्याच घरात. अकरा रविवार सलग जिंकले होते मी!"

बाबांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसत बसले. सकाळीच तिनं तो लख्ख पुसून दिला होता.

"बारा," ते म्हणाले. "एका रविवारी तू मध्येच पेंगलीस. मला एकट्यालाच हरावं लागलं."

ती मटकन खुर्चीत बसली. त्या रविवारांच्या जोरावर आजवर किती मिरवली होती ती! हसावं की रडावं कळेना. त्या क्षणी तिला ते इतके आवडले, की रागच आला.

"लबाड आहात तुम्ही."

"आणि तू? पट काढ खाली."

ती स्टुलावर चढली. पटावर बोटभर धूळ होती.

"एकच अट," बाबा सोंगट्या मांडत म्हणाले. "चुकलो तर तोंडावर सांगायचं. आणि वजीर फुकट द्यायचा नाही. मीही नाही, तूही नाही."

पंधराएक चाली बऱ्या गेल्या. मग बाबांनी घोडा उचलला आणि हात हवेतच थांबला. बऱ्याच वेळानं त्यांनी तो तीन घरं सरळ पुढं ठेवला.

चहाचं निमित्त करून उठता आलं असतं. कोपर लागून पट उधळता आला असता. ती जागची हलली नाही.

"बाबा, चुकलं."

त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"कुठं?" त्यांनी विचारलं. आवाज छापखान्यातला होता.

"घोडा अडीच घरं जातो. दोन सरळ, मग एक बाजूला."

बाबांनी घोडा परत घेतला. ओठ हलवत मोजलं: एक, दोन, आणि बाजूला. ठेवला. तिनं पटाकडे बघितलं, मग पुन्हा नीट बघितलं. तिचा राजाही माऱ्यात होता आणि कोपऱ्यातला हत्तीही.

"शह," ते म्हणाले, आणि हात चोळत तिच्या हत्तीकडे बघत बसले.