दादाची इस्त्री आणि माझं बटण

मित्रांनो, मोठ्यानं बोलायला सांगू नका, घसा बसलाय. आतला पट्टा सैल झालाय, सेल गळून कप्पा गंजलाय, आणि नीट उभंही राहवत नाही म्हणून मला पुस्तकांना टेकवून ठेवलंय. मी टेपरेकॉर्डर. माणसं बोलतील ते कॅसेटवर टिपून ठेवायचं, यातच जन्म गेला.

कारखान्यात लांबलचक टेबलाशी बसलेल्या बायकांनी माझे स्क्रू आवळले. जगात आल्यावर पहिलं वाक्य कानावर पडलं ते, "अगं, ह्याचं झाकण बसत नाहीये." ते अजूनही बसत नाही. आमच्या बाईंनी मला घरी आणलं तेव्हा मात्र काय थाट होता! अंगावर भरतकामाचं कव्हर होतं. पाहुणे आले की मला मधोमध ठेवायचे, आणि एरवी तोंडाची टकळी चालवणारी माणसं माझ्यापुढं गुळणी धरून बसायची. पुढं नवी यंत्रं आली आणि माझी रवानगी कपाटावर झाली. तिथं कितीतरी वर्षं धूळ खाल्ली, कुणी विचारलं नाही.

बाई निवृत्त झाल्या आणि त्यांनी मला खाली काढलं. त्यांना स्वतःच्या आठवणींचं पुस्तक लिहायचं होतं. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं; एक शब्द जास्त दिसला की मारली लाल रेघ. नुसत्या आठवणीवर विसंबतील त्या बाई कसल्या! शाळेत जाऊन त्यांनी जुना दाखला काढून आणला, वाचनालयात पिवळी वर्तमानपत्रं चाळली, गल्लीचा जुना नकाशा मिळवला, फोटो भिंगाखाली धरले. शेजारच्या म्हाताऱ्या काकूंना माझ्यापुढं बसवलं. काकू एवढंच म्हणाल्या, "तुझी आई कडक होती हो, बाई."

सगळी धडपड एका गोष्टीसाठी होती. बाई लहान असताना आईनं त्यांना वर्षभर मावशीकडे ठेवलं होतं आणि एकदाही भेटायला आली नव्हती. का? दाखल्यात फक्त शाळा सोडल्याची तारीख होती. नकाशात आईचं लाँड्रीचं दुकान आणि मावशीचं घर दिसत होतं, दोन्हींत चार गल्ल्यांचं अंतर. दवाखान्यातले जुने कागद वाळवीनं खाल्लेले. कारण कुठंच नव्हतं. मग बाईंनी कच्च्या मजकुरात लिहून टाकलं, "त्या वर्षी आईनं मला टाकलं." मनाला लागलेलं होतं हो, फार जुनं. पण छापून गेलेलं वाक्य परत घेता येत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? म्हणून तो मजकूर छापायला देण्याआधी त्यांनी दादाला बोलावलं. दादा म्हणजे त्यांचा थोरला भाऊ, त्या वर्षीचा उरलेला एकमेव साक्षीदार.

आणि दादा म्हणजे नमनाला घडाभर तेल! काठी टेकवायची, धाप ओसरेपर्यंत थांबायचं, आणि सुरू. "त्याचं असं झालं, आपली ती कोळशाची इस्त्री होती ना, तिचा मुठीकडचा खिळा..."

"दादा, विषयावर ये," बाई म्हणायच्या आणि मला थोपवून धरणारं बटण दाबायच्या; ते वर येईपर्यंत माझं टिपणं बंद. कॅसेट वाया जायला नको. दादा म्हणायचा, "येतोय की गं!" पुन्हा बटण वर. पुन्हा इस्त्री. पुन्हा खट्ट. कितीतरी दुपारी हेच. दादा दमायचा, बाई चिडायच्या, आणि मी? माझ्या त्या बटणाची स्प्रिंग पार मोडकळीला आली. दादाची धाप मात्र वाढत चालली होती. बाईंना ते दिसत होतं, त्यामुळे त्यांची घाईही वाढत होती.

एका दुपारी पुन्हा इस्त्री निघाली. बाईंनी वैतागून बटण दाबलं आणि चहा टाकायला आत गेल्या. स्प्रिंगनं दम सोडलेला. बटण आपसूक वर आलं आणि मी फिरायला लागलो. दादाचं लक्षच नव्हतं. तो आपला बोलत होता.

"...आईला छातीचा आजार झाला. डॉक्टर म्हणाले, धाकटीला लांब ठेवा. आईला वाटायचं, इस्त्रीच्या आचेनं रोगाचे जंतू मरतात. म्हणून तुझे फ्रॉक ती तोंडाला फडकं बांधून दोन-दोनदा कडक इस्त्री करायची. हात म्हणून लावायची नाही. नुसती इस्त्री फिरवायची. घडी मी घालायचो आणि मावशीकडे पोचवायचो."

बाई दारात उभ्या होत्या. हातातला चहा त्यांनी तसाच खाली ठेवला.

"ते फ्रॉक आई पाठवायची?"

"मग काय मावशी? तिला चुण्या तरी पडायच्या का सरळ!"

बाईंनी मावशीकडे असतानाचा स्वतःचा फोटो आणला. या फोटोवरून त्यांनी साल काढलं होतं, मागची भिंत ओळखली होती. आता पहिल्यांदा त्यांनी फ्रॉक पाहिला. एकेक चुणी ताठ होती.

"दादा, हे इतक्या दिवसांत सांगितलं का नाहीस रे?"

"अगं, सांगणारच होतो. दरवेळी इस्त्रीपाशी आलो की तू बटण दाबायचीस."

बाई खाली बसल्या आणि रडल्या. मग मावशीच्या मुलीला फोन करून दादा खरंच फ्रॉकचं गाठोडं आणून द्यायचा याची त्यांनी खात्री करून घेतली. सवय जात नाही. ते एक वाक्य त्यांनी लाल रेघेनं खोडलं. त्यांच्या पुस्तकातलं हे प्रकरण आता कोळशाच्या इस्त्रीपासून सुरू होतं.

पुस्तक यायच्या आधीच दादा गेला. बाई आता जुन्या कॅसेट लावतात. "अगं, आपली ती इस्त्री..." खट्ट. "आई तेव्हा दुकानात..." खट्ट. ती एक दुपार सोडली तर सगळीकडे असंच. मधलं दादा काय बोलला ते बाईंना आता कुणीच सांगू शकत नाही.

मित्रांनो, माझी धूळ पुसली नाहीत तरी चालेल, मी थकलोय. पण घरातलं म्हातारं माणूस इस्त्रीपासून सुरू झालं, तर बसा जरा. चहा नंतर टाका.