माउसने लिहिलेले हुकूम

वैजनाथ कानविंदे सर संगणकांच्या खोलीत शिरले की यंत्रांचे पंखेसुद्धा दबकून फिरत. खोटं वाटत असेल तर वाघोलीच्या त्या कॉलेजात जाऊन विचारा.

कॉलेजच्या इंटरनेटच्या दारावर फायरवॉल नावाचा रखवालदार होता आणि सर त्याचे धनी. कुणाला आत सोडायचं, कुणाला नाही, हे ते पडद्यावरच्या खिडकीत माउसने खुणा करून ठरवत. हाताखालची शेफाली मात्र तेच हुकूम हाताने टाइप करी. एकदा सरांनी रखवालदाराकडचे सगळे हुकूम पहिल्यांदाच उघडून वाचले, तर त्यात संगणकांचे भलत्याच नावांचे गट. ही नावं आपण काही टाइप केली नाहीत. मग उरलं कोण? भरल्या स्टाफरूममध्ये सरांनी जाहीर केलं की शेफालीने चोरवाट ठेवली आहे. प्राचार्यांनी तिचा पासवर्ड काढून घेतला आणि चौकशी होईपर्यंत तिला घरी बसवलं.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयाचे संगणक जोडायचे होते. सरांनी ते खिडकीत निवडले. खाली एक चौकट होती, पाठवण्याआधी हुकूम दाखवा म्हणणारी. सरांनी सहज तिच्यावर खूण केली आणि पडद्यावर ओळी उमटल्या. एका नियमात बरेच संगणक घातले की ती खिडकी आपणहून त्यांचा गट बांधत होती आणि बारसंही स्वतःच उरकत होती. नाव त्याच भलत्या घराण्यातलं, फक्त आकडा पुढचा.

सरांचे कान असे तापले की एसीने हात टेकले. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. गप्प बसले असते तर कुणाला कळलं असतं? तसं त्यांच्या मनात येऊनही गेलं, आणि त्याचीच त्यांना जास्त लाज वाटली.

ते तडक येरवड्याला शेफालीच्या घरी गेले. जिन्यातच उभे राहून, मान खाली घालून त्यांनी सगळं सांगितलं.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. "सर, आरोप स्टाफरूममध्ये आणि माफी जिन्यात?"

सकाळी सर स्टाफरूममध्ये उभे राहिले. शेफाली दाराशी होती.

"त्या ओळी माझ्याच आहेत," ते म्हणाले. "मी बटण दाबत होतो. त्यातून काय लिहिलं जातं, ते कधी वाचलं नाही."

"म्हणजे न वाचताच सही करत होतात म्हणा," गणिताच्या नीरजाबाई म्हणाल्या.

"हो."

प्राचार्यांनी पासवर्ड परत दिला. शेफाली तो घेऊन सरांकडे न बघता कामाला गेली. सरांना कुणी बसा म्हटलं नाही, आणि त्यांनाही बसवेना.